लिलियनची पेटी

"मेल्विना, मी कुडाळाक फोन करतंय," शेजारचा रॉयडन परसातल्या सुतारकामाच्या मांगराच्या दारातून म्हणाला. "तासाभरात तयार पेटी येतली."

बाप्तिस्त फणसाच्या फळीपुढे उभा होता. हातात करवत, पाच मिनिटं तशीच. पलीकडे घरात त्याची बायको लिलियन पहाटेपासून पांढऱ्या चादरीखाली होती. चार वाजता दफन.

"नको अंकल. पपा करतलो."

"त्याका सांगतलो कोण? तू शाळेतली बाई गो. सुतारीण कधी झालंस?"

चाळीस वर्षं वाडीतल्या प्रत्येक मयताची पेटी बाप्तिस्तच्या हातची. पहाटे लिलियनचे डोळे मिटल्यावर तो लेकीला, मेल्विनाला, एवढंच म्हणाला होता, "तिची मी करतलंय."

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागात रक्ताची गाठ अडकली. हात शाबूत राहिले, आठवणीही राहिल्या. "गवंडी सगळे कामावर आहेत," डॉक्टर म्हणाले होते, "मुकादम गेलाय. काय उभं करायचंय ते ध्यानात धरणारा, एक काम झालं की दुसरं हातात देणारा." त्या दिवसापासून मुकादमकी लिलियनने केली. तांब्या घे. पाणी ओत. आता साबण. ती चिडे, रडे, पण सांगायची थांबली नाही.

आता मेल्विना होती. "बाजू तयार कर," ती म्हणाली. तो हलला नाही. "फळी धर." धरली. "रेघ मार." पेन्सिल टेकवून तो थांबला.

"कितकी लांब?"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. दोरी घेऊन ती घरात गेली, आईच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरली, गाठ मारली आणि बाहेर आली. एका साध्या विचाराच्या पोटात किती बारीक बारीक 'मग' असतात, हे वीस वर्षं मुलांना गणित शिकवूनही तिला कळलं नव्हतं.

काप. रंधो मार. उलटी कर. खिळो ठोक. दोनपर्यंत पेटी उभी राहिली. एक सांधा हललेला नाही. "झाकण ठेव," ती म्हणाली आणि फादरांचा फोन आला म्हणून अंगणात गेली.

मागून हातोडी वाजू लागली. तिला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो न सांगता पुढचं काम करत होता.

ती परतली तेव्हा झाकण बारा खिळ्यांनी पक्कं बसलं होतं. बाप्तिस्त त्यावरून हात फिरवत होता.

"अरे बाप्तिस्ता, आत कोण आसा?" रॉयडन हसत म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

बाप्तिस्तने पेटीकडे पाहिलं. मग घराच्या दाराकडे. विसरण्याची सवलत त्या गाठीने त्याला दिलीच नव्हती.

"लिलियन भायरच रवली," तो म्हणाला.

मेल्विनाने पकड त्याच्या हातात दिली. "पयलो खिळो काड, पपा." खिळा निघाला. "आता दुसरो." बाराही तिने असेच एकेक सांगितले.

चार वाजता सिमितरीत, कबरीच्या काठावर, लिलियनवर झाकण बसवताना जुन्या भोकांत खिळे धरेनात, म्हणून नवे त्यांच्या शेजारी मारले. भोकं बुजवायला रॉयडनने पुट्टी आणली होती. "नको, रवांदेत," मेल्विना म्हणाली. "तीय पपाच्याच हातची." लाल मातीची पहिली मूठ झाकणावर पडली, पसरली आणि थोडी त्या भोकांतून आत गेली.