जिराफाचे बूट

"आ कर," मॅनेजर म्हणाला, आणि जिराफानं खरंच आ केला.

सात फुटांना दोन इंच कमी असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि शेंगदाणे चघळत स्टुलावर चढून त्याच्या दाढा मोजणारा माणूस! खेळायचंय बास्केटबॉल, चावायचंय कुणाला? भिंतीशी वही घेऊन बसलेल्या मुलीनं तोंड वाकडं केलं. वही तिच्या बाबांची. क्लबसाठी उंच पोरं पारखायचं काम बाबांचं, आणि शाळेला सुट्टी असली की आकडे लिहायचं तिचं.

"अक्कलदाढ नाही आली अजून. म्हणजे वाढेल," मॅनेजर म्हणाला आणि ओलं बोट पोराच्याच जर्सीला पुसलं. जिराफ ओशाळून हसला. त्याच्या जागी ती असती तर कचकन चावली असती.

बाबांनी टेप धरली. "हात पसर. सात फूट तीन. लिही गं."

मग पोटऱ्या. भोपळा घेतानासुद्धा कुणी इतका दाबून बघत नाही.

"मांस कुठाय?" मॅनेजर कुरकुरला.

"मांस येईल हो. हाड बघा हाड!"

शेवटी बाबांची ठरलेली परीक्षा. "बूट इथेच ठेव आणि बाहेर थांब."

तो गेल्यावर बाबांनी बूट उलटे केले. आतून आंबूस भपकारा आला, तरी बाबांनी नाक जवळजवळ तळव्याला टेकवलं. डाव्या टाचेची आतली कड पार गुळगुळीत झाली होती.

"डावा गुडघा गेलाय. वर्षभरात हा आडवा होणार."

"आत्ता खेळताना तर झकास उडत होता."

"पोरं लपवतात. बुटाचा तळवा नाही लपवत."

"मग पुढचा बोलवा," मॅनेजरनं टरफल फुंकून उडवलं.

पुढच्याला बोलवायला मुलगी बाहेर गेली. जिराफ अनवाणी पायरीवर बसला होता, गुडघे थेट कानांशी.

"ताई, बूट कधी मिळतील? आमच्या मापाचे कुठल्याच दुकानात नसतात. तुमच्या क्लबच्या कप्तानदादांनी त्यांचे जुने दिले, परवाच." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "घेतलं ना मला? आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

ती तशीच मागे फिरली आणि बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, बूट त्याचे नाहीत. कप्तानाचे आहेत."

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी हळूच मॅनेजरकडे पाहिलं. तो पुडीच्या तळाशी बोटं फिरवत होता.

"लिही, डावा गुडघा बाद," बाबा पुटपुटले.

"अहो पण तो गुडघा त्याचा नाहीये!"

"हळू! कप्तानाला मीच ठणठणीत म्हणून पास केलाय. तीन वर्षांचा करार झालाय त्याचा. कालच."

"मग या पोरानं काय करायचं?"

"दुसरा क्लब बघेल. तू लिही."

दिसेल तेच लिहायचं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांच्या मिशीवरचा घाम बघून तिला शिसारी आली. दाढा चाचपणारं ते ओलं बोट बरं, असं वाटून गेलं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि जाऊन दार सताड उघडलं.

"ए, आत ये. हे बूट कोणाचे ते सांग यांना."

"कप्तानदादांचे!" जिराफ वाकून आत येत ऐटीत म्हणाला.

मॅनेजरचा जबडा थांबला. त्यानं बूट उचलला, तळवा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. मग बाबांकडे पाहिलं. बाबा टेप गुंडाळत होते. ती गुंडाळून झालेली होती, तरी गुंडाळत होते.

"याला घ्या," मॅनेजर म्हणाला. "आणि कप्तानाला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

जिराफाचा चेहरा उतरला. त्यानं मॅनेजरकडे, मग मुलीकडे पाहिलं.

"सर, चोरले नाहीत हो मी. दादांनी आपणहून दिलेत," तो म्हणाला. "त्यांना काही बोलू नका."