पिवळ्या शर्टाचं मत

रसायनीच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म काढून लडकू पाटील निवृत्त झाले आणि कुंभिवलीच्या घरात टीव्हीसमोरच्या खुर्चीवर रुजू झाले. त्यांना पिक्चर एकाच जातीचा लागायचा, मारामारीचा. मूळ हिंदी असो की दक्षिणेतून हिंदीत आणलेला असो, दोन-चार गाड्या हवेत उडाल्या पाहिजेत आणि शेवटी दुष्ट माणूस पाण्यात नाहीतर आगीत गेला पाहिजे. एवढं झालं की ते समाधानानं जेवायला उठायचे.

त्यांची सून सुरभी कर्जतची. मोहोपाड्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला जायची. तिला वेड जपानी ॲनिमेशनचं. कॉलेजात असताना लागलेलं हे वेड लग्नानंतर सुटेल असं तिच्या आईला वाटलं होतं, ते काही सुटलं नाही. उलट तिनं फोनवर एक छोटं चॅनल काढलं होतं. पाहिलेल्या पिक्चरबद्दल ती त्यात बोलायची. ऐकणाऱ्यांत तिच्या मैत्रिणी होत्या आणि कोल्हापूरचा कुणी एक मुलगा होता, तो दर वेळी 'ताई, मस्त' एवढंच लिहायचा.

घरात टीव्ही एकच, म्हणून वाटणी झाली. शनिवारची संध्याकाळ सासऱ्यांची, रविवारची दुपार सुनेची. सुरभीच्या नवऱ्याचं नाव नवीन; तो कारखान्यातून पाळी करून यायचा आणि दोन्ही प्रकारच्या पिक्चरना सारखाच न्याय देऊन झोपायचा. सासूबाई जयवंताबाई आतबाहेर करता करता जेवढं दिसेल तेवढं बघायच्या.

खुर्ची आपली असल्यामुळे लडकू रविवारी दुपारीही तिथंच बसायचे.

"ही पोरगी मघापासून भातच शिजवते हाय. मारणार कधी कुणाला?"

"बाबा, ती कुणाला मारणार नाहीये."

"मंग ती तलवार कशाला अडकवलीय भिंतीला?"

"तलवार नाही ती. मासे कापायची सुरी आहे."

लडकू तरीही सुरीवर नजर ठेवून बसायचे.

सुरभीही शनिवारी हिशोब चुकता करायची. "बाबा, हा हेलिकॉप्टरमधून पडला आणि भांगसुद्धा मोडला नाही त्याचा?"

"तेल लावलं असंल."

एका रविवारी दोघं ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसले होते. आदल्या दिवशीच्या पिक्चरवरून लडकूंची गाडी सुटली. हिरोला पिस्तूल असताना तो हातानं का मारतो, त्याची आई दर वेळी आजारीच का असते, आणि पोलीस सगळं संपल्यावरच का येतात, हे सगळं ते बोटांनी वालाची सालं काढत अगदी गंभीरपणे मांडत होते. सुरभीनं विचारलं, "बाबा, घेऊ का रेकॉर्ड करून? टाकते चॅनलवर."

"घे की. मी काय खोटं बोलतो का?"

तो व्हिडिओ कसा कोण जाणे, पण पसरला. खोपोलीपासून कर्जतपर्यंतच्या फोनांतून लडकू पाटील वाल सोलत बोलू लागले. हायवेवरच्या चहावाल्यानं त्यांना थांबवून विचारलं, "काका, परवाचा तो ट्रकवाला पिक्चर बघितलात का? बघू का नको?" लडकूंनी बशीत चहा ओतला, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "मध्यंतरापर्यंत बघ. मंग घरी जा." त्या दिवसापासून ते बाहेर पडताना शर्टाला इस्त्री करून घेऊ लागले. सुरभीनं चॅनलचं नाव बदलून 'सून-सासरा टॉकीज' ठेवलं. जपानी पिक्चरवर ती बोलायची, मारामारीच्या पिक्चरवर ते.

मग एक मोठा पिक्चर आला. त्यातली एक मारामारी खालापूरच्या बाजूच्या एका बंद दगडखाणीत झाली होती. शूटिंगच्या वेळी अर्धा तालुका लांबून बघून आला होता, त्यामुळे पिक्चर आपल्याच घरचा असल्यासारखा प्रत्येकजण पनवेलला जाऊन बघत होता. लडकू आणि सुरभीही गेले.

परत आल्यावर लडकूंनी मत दिलं. हिरो त्यांना पसंत पडला, आगही चांगली होती. पण त्यांच्या डोळ्यांनी दुसरंच काहीतरी पकडलं होतं.

"त्यात एक पिवळ्या शर्टातला माणूस हाय," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "पयल्यांदा बाजारात मरतो. मंग खाणीत येऊन मरतो. शेवटाला जहाजावर पण मरतो. शर्ट तोच! बरं, एवढ्या वेळा मरतो तरी त्याला मरता येत नाय. पडायच्या आधी हळूच खाली बघून घेतो. अरे, गोळी लागलेला माणूस जागा बघून पडतो का रं?"

सुरभीला हसू आवरेना. तिनं पिक्चरच्या जाहिरातीतला खाणीतला तो तुकडा शोधला, चित्र थांबवलं आणि त्या माणसाच्या डोक्याभोवती लाल गोल काढून दिला. हा व्हिडिओ आधीच्यापेक्षाही जोरात पळाला. पोरांनी त्याला गाणी लावली. कुणी पाणी प्यायच्या आधी खाली बघून पडून दाखवू लागलं, कुणी वर्गात.

पुढच्या रविवारी सकाळी दारात एक मोटरसायकल थांबली. मागून एक बाई उतरली आणि पदर खोचत थेट ओट्यावर आली.

"लडकू पाटील कोण हाय हितं?"

लडकू पेपर बाजूला ठेवून उठले. "मीच. काय झालं?"

"मी रूपाली. कर्जतवरनं आले." तिनं मागं वळून मोटरसायकलीकडं बोट केलं. "आन् तो माझा नवरा. गजा. तुमचा पिवळा शर्ट."

गाडीला टेकून एक मध्यम उंचीचा, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. आज त्याचा शर्ट पांढरा होता. त्यानं ओशाळून खाली बघत हात जोडले. खाली बघण्याची ती लकब लडकूंनी लगेच ओळखली.

"घरात या, उन्हात कशाला," जयवंताबाई दारातून म्हणाल्या.

"घरात नंतर येईन, आधी बोलून घेते," रूपाली म्हणाली. "माझी पोरगी शाळेतनं रडत आली. पोरं तिच्यापुढं पडून दाखवतात. मरता येत नाय म्हणता काय त्याला? त्या खाणीत कशावरनं पडला तो, बघितलंत? आपल्या माळ्याएवढं उंच. खाली गादी टाकली होती ती एवढीशी, आजूबाजूला सगळी खडी. गादीवर नाय पडला तर पाठ गेली. बघून नाय पडायचं तर काय देवावर भार टाकून पडायचं?"

सुरभी आतून फोन हातात घेऊन आली होती, तिनं तो मागं लपवला. तिला त्या लाल गोलाची लाज वाटू लागली होती.

लडकूंनी गजाला विचारलं, "शिडी होती का चढायला?"

"शिडी नव्हती. दगडाला धरून चढलो," गजा म्हणाला.

"आन् किती वेळा पडायला लावलं?"

"पयल्यांदा कॅमेरा चुकला. मंग हिरोच्या डोळ्यात धूळ गेली. मंग झालं."

लडकूंनी मान हलवली. आयुष्यभर बॉयलरच्या लोखंडी जिन्यावरून वरखाली केलेला माणूस तो. नव्या पोरांना त्यांनी हेच शिकवलेलं, पाय टाकायच्या आधी खाली बघ. "चुकलंच माझं," ते रूपालीला म्हणाले. "मी खुर्चीत बसून बोललो. सुरभी, तो काढून टाक गं व्हिडिओ."

"आत्ता काढते," सुरभी म्हणाली आणि फोन पुढं घेतला.

"नको!" गजा एकदम ओरडला.

सगळे त्याच्याकडं बघू लागले. रूपाली तर सगळ्यांत जास्त.

"नको म्हणजे?"

"राहू दे ना गं." गजा कानामागं खाजवत म्हणाला. "इतकी वर्षं पडतोय मी. बॉम्बनं उडलो, घोड्यावरनं पडलो, हौदात पडलो. पाठीमागून असतो नायतर धुरात असतो. गावात कुणाला पटत नाय की मी पिक्चरमधी हाय. तुझ्या आईला मी स्वतः थेटरात नेऊन दाखवलं, तर ती म्हणाली कुठं, मला नाय दिसला. आता या ताईंनी गोल काढला तर तिनं स्वतः फोन केला, जावई दिसले म्हणून."

"आन् पोरगी रडते त्याचं?"

"तिला मी समजावतो. पण गोल राहू दे."

रूपालीचा राग एवढ्या लांबून मोटरसायकलवर आणलेला होता, तो आता कुणावर काढावा हे तिला कळेना. तिनं नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली आणि चपला काढून घरात गेली. "पाणी द्या वो," ती जयवंताबाईंना म्हणाली. "या माणसापायी माझं डोकं फिरलंय."

जयवंताबाईंनी दोघांना जेवायला ठेवून घेतलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण होतं. जेवताना सुरभीनं गजाला सुचवलं, "दादा, मग तुम्हीच बोला की आमच्या चॅनलवर. खाणीत काय झालं ते सांगा, म्हणजे शाळेतली पोरंही ऐकतील."

जेवण झाल्यावर गजाला ओट्यावर बसवलं. खाणीचं, गादीचं, खडीचं त्यानं सगळं नीट सांगितलं. मग सुरभीनं विचारलं, "आणि पिक्चर कसा वाटला तुम्हाला?"

गजानं बराच विचार केला. "ठीक हाय," तो म्हणाला. "लांबलाय जरा."

लडकू कॅमेऱ्याच्या मागं हसून हसून खोकू लागले. रूपालीलाही हसू आलं, पण तिनं ते तोंड फिरवून हसून घेतलं.

दुपार रविवारची होती, म्हणजे टीव्ही सुरभीचा. तिनं ठरवलेला जपानी पिक्चर लावला आणि पाहुणे उठतील म्हणून वाट बघितली, पण ते उठले नाहीत. पिक्चरमध्ये डोंगरातल्या एका गावात बहीण-भाऊ सायकलवरून घरोघरी सोयाबीनचं पनीर पोचवत होते. बहिणीला लवकरच शहरात जायचं होतं. बाकी काही विशेष घडत नव्हतं. पाळीवरून नवीन आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि सतरंजीवर आडवा होऊन झोपला.

"अजून एक पण गुंड नाय आला," लडकू गजाच्या कानात कुजबुजले. पाहुण्याची माफी मागून झाली होती, पण मतं बदललेली नव्हती.

मग उतारावर त्या धाकट्या भावाची सायकल घसरली. तो पडला. पडल्यावर तो लगेच उठला नाही, तसाच पडून राहिला. मग बसला, तळहात उलटा करून बघितला, त्यात रुतलेले खडे फुंकून काढले, कोपर तपासलं. सायकलचं चाक आपलं फिरतच होतं. रडावं की नाही हे ठरवायला त्यानं थोडा वेळ घेतला आणि नाही असं ठरवलं.

"ताई, जरा मागं घ्या ना ते," गजा म्हणाला.

सुरभीनं मागं घेतलं. तो पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिला.

"परत."

तिनं परत लावलं.

"हा कोण पडलाय?"

"कोणी नाही, दादा. चित्र काढलंय सगळं."

"असंल. पण ज्यानं काढलंय तो पडलेला हाय कधीतरी." गजानं आपला तळहात उघडून बघितला. "आमाला पडल्यावर कोपर बघू देत नायत. पडलं की मेलं. हलला तर फायटमास्तर ओरडतो."

सुरभीला हा प्रसंग आधीपासून पाठ होता. तिला त्यातला पाऊस आवडायचा, डोंगराचे रंग आवडायचे. त्या फिरणाऱ्या चाकाकडं आणि कोपराकडं तिनं इतक्या वेळा बघूनही कधी बघितलं नव्हतं. तिनं रिमोट खाली ठेवला. "दादा, तुमचा खाणीतला सीन माझ्याकडे फोनवर आहे," ती म्हणाली. "हा संपला की मला तो नीट समजावून सांगा."

"मी सांगतो," लडकू मध्येच म्हणाले. "मी थेटरात बघितलाय."

"तुमी नका सांगू," रूपाली म्हणाली.

गजाचा व्हिडिओ आधीच्याएवढा चालला नाही. लोक पडणाऱ्याला जेवढं बघतात तेवढं बोलणाऱ्याला ऐकत नाहीत. पण रूपालीनं तो मुलीच्या शाळेतल्या बाईंना पाठवला, बाईंनी वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आणि मग गजाला शाळेत बोलावून पोरांना कोलांटी कशी घ्यायची, मान कशी वाचवायची हे शिकवायला लावलं. पोरगी त्या दिवशी पुढच्या रांगेत बसली होती, असं रूपालीनं फोनवर सांगितलं. फोन तिनं सुरभीला केला होता, पण बोलली जयवंताबाईंशी.

शूटिंग नसेल त्या रविवारी गजा आणि रूपाली येऊ लागली. लडकू आणि गजाचं एकाही पिक्चरवर एकमत होत नसे. लडकू हिरो बघायचे, गजा हिरोच्या मागे पडणारे. "तो बघा, डावीकडचा, काय सुंदर पडला," तो म्हणायचा, आणि लडकू डावीकडं बघेपर्यंत हिरोचा गुद्दा निघून गेलेला असायचा.

असेच महिना-दीड महिना गेल्यावर एका रविवारी रूपालीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमची मारामारी झाली, चित्रं झाली. मला कुणी विचारलंत का?"

"काय बघणार तुमी?" लडकूंनी विचारलं.

"भुताचा."

गजा दचकला. भुताच्या पिक्चरला तो लग्नाआधीपासून घाबरायचा. लडकूंनी घसा खाकरला आणि रसायनीतल्या एका जुन्या मित्राला भेटायचं राहिलंय असं त्यांना अचानक आठवलं. पण जयवंताबाईंनी तोवर पडदे ओढून घेतले होते, आणि त्या म्हणाल्या, "बसा गप. लाव गं रूपाली."