आठखोलीतली देवळी

आमच्या गावात आठखोली बांधणाऱ्या बसंतीबाईला लोक अजूनही चिक्कू म्हणतात. कापसाचा व्यापार करणारा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, घर मोठं. तेव्हा बाईने निराधारांसाठी एका ओळीत आठ खोल्या बांधल्या. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी लाकूड, वर कवेलूंचं छप्पर, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब ओसरी. दारं रस्त्याकडे नाहीत, आत अंगणाकडे आहेत, कारण दानाच्या घरात शिरताना माणसाला गावाने टकमक पाहू नये. एवढा विचार केला आणि दर दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत मात्र एकच कोनाडा ठेवला, तोही आरपार. एक दिवा ठेवला की दोन्हीकडे उजेड. बाईने तेल वाचवलं, असं गाव म्हणतं. मीही म्हणायचे.

मी शीला, ग्रामपंचायतीची सदस्य. यंदा वानरांनी उड्या मारून कवेलूंचा चुरा केला आणि आठखोलीची दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली. वानरं परवडली. तिसऱ्या आणि चौथ्या खोलीतल्या दोघी म्हाताऱ्या नाही परवडल्या.

तिसरीत इंदुताई. चौथीत नलूमावशी, माझ्या आईची चुलत बहीण. दोघींना मागेपुढे कोणी नाही. मधल्या कोनाड्यात इंदुताईंचा पितळी मुरलीधर त्यांच्याकडे तोंड करून उभा, आणि मावशीची पांढरी बुद्धमूर्ती मावशीकडे तोंड करून बसलेली. पाठीला पाठ. इंदुताई त्या जागेला देवळी म्हणायच्या आणि मावशीचं टाळकं सटकायचं.

"माह्या बापानं छप्पन सालीच देव सोडले. आता देवळी कायले म्हणू? कोनाडा हाय थो!"

"तुह्या बाजूनं कोनाडा अशीन. माह्या बाजूनं देवळीच हाय," पलीकडून उत्तर यायचं.

भोक एक, नावं दोन, भांडण रोज. इंदुताईंच्या उदबत्तीचा धूर मावशीच्या डोळ्यांत जायचा. मावशीच्या फोडणीने मुरलीधराला ठसका लागतो, असं इंदुताई शपथेवर सांगायच्या. रागाचा पारा चढला की मावशी जुनं काढायची: जोत्याच्या दगडावर 'कोणाही निराधारासाठी' असं कोरलेलं असताना तिच्या सासूला इथल्या ओसरीवर टेकूसुद्धा दिलं नव्हतं. ते खरं आहे, आणि मला त्याचा अजून संताप येतो. पण इंदुताई तेव्हा परकरात होत्या. हे बोलून दाखवलं की मावशी रुसायची, आणि गप्प बसलं की इंदुताई म्हणायच्या, "तू तिच्याकडचीच!"

दुरुस्ती सुरू झाली तशा दोघी जन्मात पहिल्यांदा एका मतावर आल्या. भोक बुजवून टाक.

"पाहा बाई, एकदा सिमेंट लागलं का लागलं," रामसिंग मिस्त्री मला म्हणाला.

"बुजव," मी म्हटलं. त्याने दिवस मावळता विटा लावल्या, दोन्हीकडून गिलावा केला. मूर्ती आपापल्या फळीवर गेल्या. रोजची कटकट मिटली म्हणून मी घरी जाऊन मजेत चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताई अनवाणी माझ्या दारात.

"शीला, चाल लवकर. नलूबाई खोकलली नाही!"

"म्हणजे?"

"रोज उजाडलं का खोकलते. मंग मी म्हणते, उठली का वो. आज आवाजच नाही. दार लोटाची माही हिंमत नाही होऊन राह्यली."

मावशी पंचाहत्तरीची, छातीने अधू. आम्ही धावलो. कवेलू उतरवत असलेला रामसिंगही हातातलं टाकून मागे आला. मी दार लोटलं.

मावशी भिंतीशी उभी होती. कान ओल्या गिलाव्याला चिकटवलेला, अर्धा गाल सिमेंटचा. आम्हाला पाहून तिने ओठावर बोट ठेवलं.

"श्श! इंदुताईची घंटी वाजली नाही आज. काही झालं का तिले? नीट आयकू यावं म्हणून मी कवाची खोकला दाबून राह्यली."

"अवं मरतुकडे!" माझ्या पाठीमागून इंदुताई ओरडल्या. "तुह्या खोकल्याची वाट पाह्यता पाह्यता माही पूजा राह्यली!"

मावशीने वळून पाहिलं. मग दाबलेला सगळा खोकला एकदम बाहेर पडला, आणि इंदुताई तिची पाठ चोळत तिला शिव्या देत राहिल्या.

मी ओसरीवर बसून आधी खूप हसले. मग रडू आलं. त्या मोठ्या घरात बसंतीबाई एकटीने किती सकाळी काढल्या असतील! आपण उठलो की नाही, हे कोणाला तरी ऐकू जावं, एवढंच तिने भिंतीत ठेवलं होतं. आम्ही तिला चिक्कू म्हटलं, आणि मी तर वरून सिमेंट लावलं. मला माझी लाज वाटली.

"शीला, कोनाडा खोलून दे वं," आतून इंदुताई म्हणाल्या.

"हो, देवळी मोकळी कर," त्याच दमात मावशी म्हणाली.

दोघी थबकल्या. एकमेकींकडे पाहायचं टाळून दोघी छताकडे पाहू लागल्या.

"मंग मी काय खोलू?" रामसिंगने साळसूदपणे विचारलं. "कोनाडा का देवळी?"

"खोल मुकाट्यानं!" दोघी एकदम ओरडल्या.

गिलावा अजून कच्चाच होता, विटा पटापट निघाल्या. दोन्हीकडून मूर्ती परत आल्या, पुन्हा पाठीला पाठ. माझ्यातला सदस्य जागा झाला. मी सुचवलं की आता दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी ठेवू, म्हणजे कोणी कोणाकडे पाठ करणार नाही.

"नोको," मावशी पदराने गालावरचं सिमेंट पुसत म्हणाली. "पाठीले पाठ लागू दे. ऊब राह्यते."