उलट्या आट्यांचा नट

लष्करातला एक साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला निघाला आणि जाताना आपली दोन माणसांची लाल स्पोर्ट्स गाडी माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मारून गेला. हे, म्हणजे योसेफ, नगरला मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. गाडीला सगळं होतं, फक्त ब्रेक लागत नव्हता.

"मिस्त्री कशाला? आपणच करू," हे म्हणाले. आपणच म्हणजे निम्मी मी, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं.

मागची चाकं काढली तर आतलं ग्रीस पाझरून ब्रेकच्या लायनरवर आलेलं. यांनी नवे लायनर ठोकून बसवले. ग्रीस अडवायला चामड्याचे वायसर मी कापले. मग दिसलं, की चाक ज्या हबवर बसतं त्याचे दाते एकाच अंगाने झिजलेत. नवे हब नगरात कुठून मिळणार?

मी सुताराची लेक. बैलगाडीची चाकं एका अंगाने झिजली की वडील डावं उजवीकडे घालायचे आणि उजवं डावीकडे. "हबची अदलाबदल करा," मी म्हटलं. "न झिजलेलं अंग कामाला येईल." यांनी मला वर्गातल्या पोरासारखी शाबासकी दिली. मी हवेतच!

प्रत्येक चाक हातोड्याने ठोकून आवळायच्या एकाच मोठ्या नटावर अडकायचं. नट कुठल्या दिशेने सुटतो ते दाखवणारा बाण त्यावर कोरलेला होता. डावीकडचा एका दिशेला, उजवीकडचा उलट. हबबरोबर त्यांचे नटही इकडचे तिकडे गेले, तशी बाणांची दिशाही बदलली. हे थबकले. "बाण असे उलटसुलट का गं?"

"साहेबांच्या तऱ्हा," मी म्हटलं आणि तांब्याचा हातोडा त्यांच्या हातात दिला.

गल्लीत ब्रेक झकास लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आईला गाडी दाखवायला एकटेच पुणतांब्याला निघाले. अर्ध्या तासाने रंगनाथ आपला हातोडा न्यायला आला. तो शेजारीच राहायचा, लष्करी वर्कशॉपात फिटर होता. मी त्याला आमचा पराक्रम सांगितला.

तो ओरडला, "बाई, उजव्या अंगाचे आटे उलटे असत्यात, ते काय उगंच न्हाई. चाक फिरंल तसा नट आवळत जातो. आता फिरंल तसा सुटत जाईल."

मी तशीच रस्त्याकडे धावले. यांच्या वाटेत विळदचा घाट, आणि ती युक्ती माझी.

लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकमध्ये आम्ही चढलो. घाटात बाभळीत अडकलेलं चाक दिसलं आणि मी किंचाळले. रंगनाथने दंड धरला नसता तर मी चालत्या ट्रकमधून उडीच टाकली असती.

वळणापलीकडे गाडी कठड्याला टेकून चाक निखळलेल्या अंगाने ब्रेकच्या ड्रमवर बसली होती. हे दगडावर, कपाळातून रक्त येत होतं. मी आधी रडले, की आधी ओरडले, आठवत नाही.

"ब्रेक लागला, एलिझाबेथ! नाहीतर खालीच गेलो असतो," हे म्हणाले. "माझीच चूक. नट नीट ठोकला नव्हता."

रंगनाथ काही बोलणार, तोच यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.  मागे चालत जाऊन शोधून आणलेला तो नट यांच्या मांडीवर होता आणि त्यावर एके ठिकाणी अंगठा घट्ट दाबलेला.

मी तो अंगठा उचलला. खाली बाण होता.

"तुम्हाला कळलं होतं?"

"नट सापडला तेव्हा."

"रंगनाथ," मी मोठ्याने म्हटलं, "हब बदला असं मी सांगितलं होतं."

"आणि ब्रेक ज्यांच्यामुळे लागला ते चामड्याचे वायसर कुणी कापले?" यांनी विचारलं.

"मीच."

"मग झालं," हे म्हणाले.

माझ्यासाठी मात्र एवढ्याने झालं नव्हतं. तो नट दोन्ही हातांत धरून मी तिथेच रडत बसले.