डब्यातले आजोबा

टक्क.

लाकडावर लाकूड आपटल्याचा एवढासा आवाज. दूध उतू जाऊ नये म्हणून ती शेगडीशी उभी होती, आणि तो आवाज तिला अगदी कानाशी वाजल्यासारखा ऐकू आला. सोंगटी डब्यात पडली असेल. बाहेरच्या खोलीत तिची लेक आणि सासरे मघापासून खेळतच होते. तिनं आच बारीक केली, पातेल्यावर फुंकर घातली आणि मध्येच थांबली.

सोंगटीचा आवाज ऐकू आलाच कसा?

या घरात इतका बारीक आवाज कधी ऐकू येतच नसे. सासऱ्यांच्या पलंगाशी प्राणवायूचं यंत्र होतं, ते रात्रंदिवस घरघरत असायचं. घरी आणलं तेव्हा त्या घरघरीनं सगळ्यांच्या झोपेचं खोबरं केलं होतं. पुढे ती इतकी अंगवळणी पडली, की पाहुणे विचारायचे, "हा कसला आवाज?" आणि घरचे म्हणायचे, "कुठला?"

आता तो आवाज नव्हता.

दूध तसंच टाकून ती धावली. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी जागच्या जागी, पण ओठ जांभळे पडलेले आणि प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत वर येत होते. तरी चेहऱ्यावर हसू होतं, खाऊ चोरताना सापडलेल्या पोराचं असतं तसं. खाली जमिनीवर पट मांडून खारू बसली होती. सात वर्षांची. खडे, बटणं, पेन्सिलींची टोकं जमवून कपाटामागं दडवायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

"आई, आम्ही जिंकलो," खारू म्हणाली. "वाटी भरलीच नाही."

तिनं यंत्राचं बटण दाबलं. ते एकदा खोकलं आणि घरघरू लागलं. पलंगाच्या कडेला बसून तिनं अण्णांची पाठ चोळायला घेतली. कधी काळी रंधा मारून मारून दगडासारखी झालेली ती पाठ. आता हाताला नुसती हाडं लागत होती.

"यंत्र कुणी बंद केलं?"

"मीच," अण्णा म्हणाले. एकेका शब्दाला दम घेत होते. "तिला बोलू नकोस. सारखी हरत होती गं. म्हटलं... एक डाव... सुंठीवाचून खोकला जाईल."

"आजोबा डब्यात होते ना," खारूनं समजावून सांगितलं, आईला एवढं साधं कसं कळत नाही अशा आवाजात. "मग यंत्र कशाला चालू ठेवायचं?"

पटावर आईची सोंगटी होती, बाबांची होती, खारूची होती. आजोबांची सोंगटी, किंचित वाकलेली, डब्याच्या तळाशी आडवी पडली होती.

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. जळका वास आला तरी ती उठली नाही.

हा खेळ तिनंच केला होता.

शाळांसाठी शिकवणारे खेळ तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती कामाला होती. दोन खोल्या, चार टेबलं, आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी एक ताई, तीच प्रमुख. आपण रोज जे वापरतो, जाळतो, फेकतो, त्याचा हवेवर केवढा भार पडतो, म्हणजेच आपला कार्बन फूटप्रिंट, हे मुलांना कळावं असा खेळ हवा होता. मोठमोठी माणसं त्यावर भाषणं देतात आणि ऐकणारे जांभया देतात. तिला वाटलं, वाटीत पडणारा मणी मात्र मुलाला दिसेल, वाजलेला ऐकू येईल.

म्हणून तिनं एक वाटी घेतली, सगळ्यांच्या मधोमध. प्रत्येक खेळाडूचं एक कुटुंब. कुटुंबातली प्रत्येक सोंगटी एकेक पत्ता उचलणार. गरम पाण्याची अंघोळ, गाडीवरून बाजार, दिवा चालूच राहिला, यंत्र चालू. प्रत्येकाचे काळे मणी वाटीत. वर्ष संपायच्या आत वाटी भरली तर सगळेच हरले. कुणा एकट्याचं जिंकणं नाही. आणि वाटीशेजारी एक धुराडं. दर फेरीला ते मूठभर मणी टाकणार, कुणी काही करो वा ना करो.

सोंगट्या अण्णांनी कातल्या. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. धूळ छातीत गेली आणि काम सुटलं, पण उरलेल्या तुकड्यांची पेटी पलंगाखाली होतीच. आई, बाबा, ताई, दादा, बोटाच्या पेराएवढं बाळ. आजोबांची सोंगटी करताना त्यांनी तिला मुद्दाम पोक काढलं. "हा मी," खारूला म्हणाले. "पोक असलं की गडगडत नाही, बघ. जिथं ठेवशील तिथं बसून राहतो." धुराडंही त्यांनीच केलं, वर टोपीसारखं बसणारं झाकण घालून.

पहिल्यांदा एका शाळेत हा डाव मांडला, तेव्हा ती मागच्या बाकावर बसून बघत होती. मुलं आधी एकमेकांच्या उरावर बसली. तुझ्या बापाची गाडी, तुझ्या आईचा हीटर. मग एका अबोल मुलीनं विचारलं, "सगळ्यात जास्त मणी तर हे धुराडंच टाकतंय. त्याचं काय?" नियमात सोय होती: सगळ्या कुटुंबांनी एकाच फेरीत आपापली पाळी सोडली, तर धुराड्यावर झाकण बसतं. पंधरा मिनिटं वर्गात गोंधळ, रुसवेफुगवे. पण शेवटी सगळ्यांनी पाळी सोडली. त्या मुलीनं झाकण बसवलं. त्या दिवशी कामावरून घरी येताना ती रस्त्यात एकटीच हसत होती.

पुढे पैसा देणारा मिळाला. गावाबाहेरचा सिमेंटचा कारखाना. हजारो डबे छापायचे, सगळ्या शाळांना फुकट. कारखान्याचा माणूस मोठा गोड बोलणारा होता. पट बघितला, सोंगट्यांचं मनापासून कौतुक केलं.

"फक्त हे धुराडं," तो म्हणाला. "मुलं उगाच घाबरतात हो. आपण घरातल्या सवयींवर भर देऊ या ना. बदल घरापासूनच सुरू होतो."

"पण मग बाकीचे मणी कुठून येतात ते कळणार कसं?" तिनं विचारलं होतं.

"मोठेपणी कळेल की."

ताई तिच्याकडे बघत नव्हती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "धुराडं ठेवलं तर खेळच जाणार. निदान काही तरी पोचेल मुलांपर्यंत. तुझ्या नवऱ्याची नोकरीही तिथलीच, मी काय सांगायचं." ताईनं ते काही धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. दमलेली माणसं बोलतात तसं, खरं तेच बोलली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, तिच्या मनात आलं. तरी तिनं होकार दिला. धुराडं तिनं रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि कपड्यांच्या कपाटात ठेवून दिलं. अण्णांनी विचारलं नाही. छापून आलेल्या डब्यात ते नाही, हे त्यांनी एका नजरेत पाहिलं होतं.

धुराडं गेल्यावर डाव फारच सोपा झाला, म्हणून वाटी लहान करावी लागली. आणि नियमांच्या पहिल्या ओळीवर तिनं अख्खी दुपार घालवली. कुणाला बाप नसतो, कुणी मावशीकडे वाढतं. सहाही सोंगट्या घ्याच म्हटलं तर अशा मुलानं काय करायचं? म्हणून तिनं लिहिलं: *तुमच्या कुटुंबात कोण कोण, ते तुम्हीच ठरवा.* लिहिल्यावर तिला बरं वाटलं होतं. त्या सबंध खेळात ती ओळ तिची सगळ्यात लाडकी होती.

अण्णांचे ओठ हळूहळू पूर्ववत झाले, डोळे मिटले. ती उठून खारूसमोर जमिनीवर बसली.

"असं खेळायचं कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सगळे असंच खेळतात," खारू म्हणाली. "वाटी लवकर भरते ना. मग माणसं कमी घ्यायची. आमच्या वर्गात बाळ तर कुणीच घेत नाही."

"आणि बाई काय म्हणतात?"

"बाई म्हणतात, शाब्बास, हुशार आहात." खारूनं बोटानं एक मणी फिरवला. "आधी मी बाळ काढलं. मग दादा. आपल्याकडे नाहीतच ना ते. तरी हरले. मग आजोबा म्हणाले, मला ठेव डब्यात, म्हातारा बसेल निवांत."

"गंमत केली त्यांनी."

"हो, पण मग जिंकले ना मी."

खारूच्या बोलण्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. पोरगी रागावून बोलली असती तर समजूत घालता आली असती. पण हे गणित होतं आणि ते बरोबर होतं. वाटी केवढी, पत्त्यांवर मणी किती, सगळं तिनंच तर बसवलेलं.

तिनं उठून ताईला फोन लावला. मोरीच्या दाराआड उभं राहून, दबल्या आवाजात सगळं सांगितलं. ताईनं आधी घरचं विचारलं.

"सासरे बरे आहेत ना आता?"

"आत्ता आहेत. ताई, डबे परत मागवायला हवेत."

"सगळीकडे पोचलेत गं. मागवायचे म्हणजे कारण सांगावं लागणार. काय सांगू? मुलं जिंकायला लागली म्हणून?"

"नियमाचा नवा कागद पाठवू. सगळ्या सोंगट्या घ्यायलाच हव्यात, असा."

"मग जिंकतील का मुलं?"

तिनं मनातल्या मनात डाव मांडला. सहा सोंगट्या, ती वाटी, ते पत्ते. पुन्हा मांडला.

"नाही," ती म्हणाली.

"मग शाळा म्हणतील, हरणाराच खेळ कशाला दिला." ताईचा आवाज खाली आला. "मुलं आहेत. चार दिवस खेळतील, विसरतील. तू चहा घे गरम गरम. रडवेला झालाय तुझा आवाज."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. मोरीच्या झरोक्यातून लांबवर कारखान्याचं खरंखुरं धुराडं दिसायचं. त्याच्या पायथ्याशी कुठं तरी तिचा नवरा या घटकेला पोती मोजत असेल. धूर संथपणे वर चालला होता, कसली घाई नसल्यासारखा.

कपाटातून तिनं रुमाल काढला.

"हे काय?" खारूनं विचारलं.

"खेळातलंच आहे. राहून गेलं होतं."

अण्णांनी डोळे उघडले. रुमालातून काय निघतंय ते पाहिलं आणि पुन्हा मिटले. पण हात पांघरुणाबाहेर काढून त्यांनी तळवा वर करून ठेवला. खारूनं डब्यातून पोक आलेली सोंगटी काढली आणि त्या तळव्यावर ठेवली.

"आजोबांनी स्वतः खेळायचं," तिनं फर्मान काढलं.

आईनं स्वयंपाकघरातून मोठी वाटी आणली, धुराडं असतानाच्या जुन्या मापाची. तिघांनी डाव मांडला. यंत्र घरघरत होतं. आजोबांच्या यंत्राचे मणी वाटीत पडले, खारूनं कपाळाला आठ्या घातल्या. पण धुराड्यानं मूठभर टाकले तेव्हा ती चमकून बघू लागली. पुढच्या फेरीला पुन्हा मूठभर.

"हे तर सगळ्यांपेक्षा हावरट आहे," ती म्हणाली.

"मग काय करशील?"

नियम ऐकून तिनं बराच विचार केला. स्वतःची पाळी सोडणं तिला जिवावर आलं होतं. बाजाराचा पत्ता हातात होता, तो तिला फार आवडायचा. शेवटी तिनं तो उलटा ठेवला. आईनं ठेवला. अण्णांनी आपला पत्ता छातीवर पालथा घातला आणि म्हणाले, "मी तर कधीचीच सोडायला बसलोय."

"अण्णा," तिनं दटावलं.

"बरं बरं. पाळी म्हणालो गं."

खारूनं झाकण उचललं. सुताराच्या हातचं ते, जराही न डुगडुगता गच्च बसलं. बाकीच्या फेऱ्या पटापट झाल्या. वर्ष संपलं. वाटी भरली नव्हती, आणि पटावर सगळी माणसं होती, अगदी पेराएवढं बाळसुद्धा, जे त्यांच्या घरात नव्हतंच पण खारूनं हट्टानं घेतलं होतं.

खारू हसली. उठून आजोबांच्या गालाला गाल लावून आली. तेवढ्या वेळापुरतं खोलीत सगळं ठीक होतं, आणि तिची आई त्या ठीक असण्याकडे डोळ्यांत साठवून घेतल्यासारखी बघत राहिली.

मग खारू पट आवरायला बसली. सोंगट्या एकेक करून डब्यात ठेवल्या, मणी पिशवीत भरले. धुराडं हातात घेतलं. डब्यात खाचा होत्या, प्रत्येक वस्तूच्या मापाच्या. आजोबांसाठी होती, बाळासाठी होती. धुराड्यासाठी कुठंच नव्हती. तिनं ते उभं घालून पाहिलं, आडवं घालून पाहिलं. झाकण लागेना.

"आई, शाळेतल्या डब्यांत हे नाहीच आहे," ती म्हणाली. "मग तिथं कुणाला काढायचं?"