मोठी अक्षरं

"अजून मोठी कर," ताई म्हणाल्या. "खुर्चीला टेकून वाचता आलं पाहिजे मला."

"ताई, याहून मोठी केली तर रस्त्यावरचे लोकही वाचतील."

एरवी हा विनोद चालला असता. आज ताई हसल्या नाहीत, आणि त्यालाही हसू येत नव्हतं.

रुग्णालयाच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला चौकशीची खिडकी होती. माणसं येऊन नाव सांगायची, ताई पडद्यावर बघून सांगायच्या: दुसरा मजला, खिडकीजवळची खाट, प्रकृती स्थिर. त्यांचे केस याच खुर्चीत पांढरे झाले होते. तो तळघरातल्या थंडगार खोलीत रुग्णालयाच्या संगणकांच्या सोबतीने बसे, म्हणून सगळे त्याला 'सर्व्हर' म्हणत. सर्व्हर जेवला का, सर्व्हर आज रजेवर का, असं चालायचं. त्याला त्याचं काही वाटत नसे.

"परवाचं कळलं असेलच तुला," ताई म्हणाल्या. "ती मुलगी विचारत होती, बाबा कसे आहेत, घरी जाऊन आंघोळ करून येऊ का. मी वाचलं, स्थिर. म्हटलं जा, निवांत जा. आणि तेव्हा त्यांना अतिदक्षता विभागात हलवलेलं होतं रे. तिथे ते तिचं नाव घेत होते म्हणे. ती परत आली तोवर..." ताईंनी वाक्य तिथेच सोडलं. "मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, निवांत जा? मीच चुकले. वरची ओळ वाचली असणार. डोळे गेले माझे."

ताईंचे डोळे ठणठणीत होते. ओळही त्यांनी बरोबरच वाचली होती. पडद्यावरची माहितीच शिळी होती, आणि हे अख्ख्या इमारतीत त्याला एकट्याला माहीत होतं.

रुग्णालयाची सगळी माहिती एका मोठ्या यंत्रात होती. शेजारी दुसरं यंत्र होतं, राखीव. पहिल्यात जे जे लिहिलं जाई त्याची नक्कल करत राहायचं आणि पहिलं पडलं तर त्याच्या जागी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. एरवी ते नुसतं बसून खायचं. पहिल्यावर ताण वाढला, डॉक्टर ओरडायला लागले, तेव्हा त्याने डोकं लढवलं. ज्यांना फक्त वाचायचं असतं त्यांना नकलेवर पाठवलं: हिशेबाचे अहवाल आणि चौकशीची खिडकी. साहेबांनी पाठ थोपटली.

पण मोठे अहवाल अर्ध्यात तुटू लागले. कुणी वाचत असतानाच नकलेला नवा बदल लिहायचा असला, की ती वाचणाऱ्याला उठवून लावायची. साहेब करवादले. मग त्याने नियम उलटा केला. वहीच्या पानावर कुणी बोट ठेवून वाचत असेल तर ते बोट उठेपर्यंत लिहिणाऱ्याने थांबायचं, तसा. परवा दुपारी हिशेबवाल्यांनी पूर्ण वर्षाचा अहवाल काढायला घेतला आणि नक्कल जागच्या जागी थांबली. त्याच थांबलेल्या नकलेतून ताई वाचत होत्या.

नक्कल मागे पडत चालल्याची सूचना त्याच्या पडद्यावर आली होती. त्याने ती पाहिली होती. वाचणारेच तर आहेत, काय बिघडतंय, असं म्हणून तो चहाला गेला होता.

संध्याकाळी त्याने चौकशीची खिडकी गुपचूप पहिल्या यंत्राला जोडली आणि तोंड शिवलं. आणि आज तो ताईंची अक्षरं मोठी करत होता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्याला स्वतःची किळस आली, तरी हात थांबले नाहीत.

ताईंनी नवा चष्मा केला. आता त्या प्रत्येक नावाखाली पडद्यावर बोट ठेवून, पुटपुटत दोनदा वाचायच्या. रांग लांबायची, लोक वैतागायचे. चोराच्या मनात चांदणं, तसा तो खिडकी टाळून मागच्या जिन्याने ये-जा करू लागला. घरी बायको म्हणाली, "ताटातलं निवलं. लक्ष कुठंय तुझं?" तो म्हणाला, कामाचं आहे. खोटं नव्हतं ते.

एका सकाळी ताईंनी त्याला जिन्यातच गाठलं. "बरं झालं भेटलास. एक तारखेपासून मी कपड्यांच्या कोठीत. मीच मागून घेतलं. चादरी मोजताना चुकलं तर कुणाचे बाबा जात नाहीत."

तो तसाच साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. साहेबांनी आधी दार लावलं.

"त्यांनी स्वतःच बदली मागितलीय ना? मग तुम्ही कशाला उकरताय? झाकली मूठ राहू द्या."

"त्या मुठीत ताई आहेत, साहेब. मी लेखी देतो. त्यांची बदली थांबवा."

"नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ दे," तो म्हणाला.

दुपारी तो खिडकीशी आला तेव्हा ताई डबा बंद करत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, यंत्र, नक्कल, अहवाल, चहा.

"म्हणजे पडद्यावर स्थिरच होतं?"

"हो."

"मी बरोबर वाचलं होतं?"

"अगदी बरोबर, ताई."

ताईंचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तू ही अक्षरं मोठी करत होतास, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

पलीकडे कुणीतरी खोकलं. ताई टेबलाची कड चाचपत राहिल्या.

"त्या मुलीला?"

"तिच्याकडूनच येतोय. दारातच ऐकून घेतलं तिने. म्हणाली, ताईंना सांगा, मी फार बोलले त्यांना. आणि दार लावून घेतलं."

"तुला काही म्हणाली?"

"नाही."

ताईंनी खुर्ची जराशी मागे घेतली. "अक्षरं लहान करा ती," त्या म्हणाल्या. "होती तेवढी."

इतक्या वर्षांत ताईंनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याने वाकून अक्षरं पहिल्यासारखी केली आणि तो जिन्याकडे निघाला. तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारा आला आणि त्याने बायकोचं नाव सांगितलं. ताईंनी नवा चष्मा काढून डबीत ठेवला, खुर्चीला टेकल्या आणि एका नजरेत ओळ वाचली.

"तिसरा मजला. प्रकृती स्थिर."

म्हातारा मान हलवून वळला.

"थांबा, बाबा," ताई म्हणाल्या आणि फोन उचलून त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला गाठलं. "पडद्यावरचं नको गं सांगू. तू खाटेपाशी जा. जाऊन, बघून ये. मी धरते फोन."

म्हातारा खिडकीची कड धरून थांबला. त्याच्यामागे लागलेली रांगही थांबली, आणि रांगेच्या शेवटी, जिन्याशी, सर्व्हर.