कंदिलाखालची परात

गोवर्धन पटल्यांना दोनच प्रकारच्या माणसांची कीव यायची. वाचणाऱ्यांची आणि न वाचणाऱ्यांची.

भात संशोधन केंद्रातले त्यांचे वरिष्ठ, बर्वे, दुसऱ्या प्रकारातले. पटल्यांचा लेख आलेलं मासिक चिमटीत धरून विचारायचे, “काय पटले, माशीवर काव्य झालं का?” पटले हसायचे. मनात म्हणायचे, सात जन्म घेतलेस तरी तुझी ओळ कोणी छापायचं नाही.

माशी म्हणजे गादमाशी. डासाएवढी. तिची अळी धानाच्या कोंबात शिरली की लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी येते, तीच गाद. पटल्यांचा प्रयोग साधा होता. केंद्राच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रात्री कंदील, खाली परात, परातीत पाणी, वर रॉकेल. उजेडाला आलेली माशी बुडून मरते. आणि तुलनेला बिरसीकडच्या दुधराम शिवणकराची एक बांधी, जिथे काहीच करायचं नाही. दोन हंगाम झाले होते. तिसऱ्याचे आकडे आले की शोधनिबंध बाहेर पडणार, एकट्या पटल्यांच्या नावानं.

काहीच का करायचं नाही, हे दुधरामला सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही. बांधीत मोजणीच्या खुंट्या ठोकल्या, निघाले.

मग लेख लिहायला बसले.

“अंधारात जन्मलेल्या या चिमुकलीला उजेडाचं वेड. कंदील दिसताच ती”

इथे परात होती. पटल्यांनी ती खोडली. रॉकेलचा वास वाक्यालाही येतो. आणि वाचक म्हणजे कोण? दुपारी डोळा लागेपर्यंत वाचणारा.

“ती सर्वस्व विसरून झेपावते. शेतकरी दादा, तुझा कंदीलच तुझा रखवालदार!”

छापून आलं. बिरसीकडच्या गुरुजींनी ते चावडीवर मोठ्यानं वाचलं. आपल्या बांधीवाले सायेब पुस्तकात आले म्हणून दुधरामनं पुन्हा वाचायला लावलं.

भादव्यात पटले मोजणीला गेले, तर बांधोबांध कंदील. सगळ्यात मोठा दुधरामच्या बांधीत, खुंट्यांच्या मधोमध. खाली परात नाही. माश्या उजेडाला आल्या होत्या, भोवतीच्या धानावर बसल्या होत्या, अंडी घालून मोकळ्या झाल्या होत्या. बांधी गादेच्या नळ्यांनी पांढुरकी दिसत होती.

“हे काय केलंस, दुधराम? इथं काही करायचं नव्हतं.”

“तुमीच तं लिवलं जी, कंदील लावा म्हणून.”

“नुसता कंदील नाही. खाली परात लागते. पाणी, रॉकेल.”

“लिवलं व्हतं का हे?”

बांधावर माणसं जमली. गुरुजी मासिक काखेत घेऊन आले. पटल्यांना एवढंच म्हणायचं होतं: होतं, मी खोडलं. वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण ऐकणारे कोण, तर हे.

“सगळं छापता येत नाही,” ते म्हणाले. “थोडी अक्कल वाचणाऱ्यानंही वापरायची असते.”

“आमाले अक्कल असती तं तुमचं काऊन आयकलं असतं?”

कोणीतरी फिसकन हसलं. दुधराम चिखलात उतरला आणि त्यानं पहिली खुंटी उपटली.

“राहू दे त्या. पुढच्या साली पुन्हा...”

“पुढच्या सालची बात सोडा. बांधी माही हाय.”

सगळ्या खुंट्या उपटून त्यानं चिखलासकट पटल्यांच्या सायकलला बांधल्या. “न्या, सायेब. मासिकात गाडा.”

पटले गोंदियाच्या रस्त्याला लागले. प्रयोग गेला, निबंध गेला. बर्वे आता वर्षभर दात काढणार. तळ्यापाशी चढ लागला. ते उतरून सायकल ढकलू लागले आणि त्यांना नव्या लेखाचा मथळा सुचला: ‘अडाण्यांच्या हाती विज्ञान’.

पहिलं वाक्यही बरं जमत होतं.